निरीक्षणगृहातल्या मुलाचे नाव शाळेच्या पटावरच राहिले पाहिजे

एखाद्या अल्पवयीन मुलाला न्यायालयाच्या किंवा अल्पवयीनांची प्रकरणे पाहणाऱ्या बालन्याय मंडळाच्या आदेशाने बंद संस्थेत, म्हणजे चौकशी चालू असताना निरीक्षणगृहात किंवा दोष सिद्ध झाल्यावर विशेषगृहात, ठेवले जाते, तेव्हा कायद्याने त्याच्याकडून एकच गोष्ट काढून घेतलेली असते आणि ती म्हणजे मनाप्रमाणे कुठेही जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य. शिकण्याचा हक्क काढून घेण्याचा आदेश कोणी देत नाही. प्रत्यक्षात मात्र त्या फाटकाच्या आत गेल्यावर सर्वात आधी सुटते ती शाळा. हजेरीपटावर काही दिवस गैरहजेरी लागते, मग नाव कमी होते आणि मुलगा बाहेर येईपर्यंत त्याचा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. अशा एका संस्थेत काही काळ गणित शिकवताना हे मी जवळून पाहिले आहे. तेव्हापासून माझे मत पक्के झाले की बंद संस्थेतले शिक्षण दयाबुद्धीने चालवलेले स्वतंत्र काम राहता कामा नये. देशातल्या नेहमीच्या शालेय व्यवस्थेचाच तो भाग असला पाहिजे; अभ्यासक्रम तोच, शिक्षक तितकेच पात्र, परीक्षा तीच आणि प्रमाणपत्रही तेच.

ही मागणी काही नवी नाही. अल्पवयीनांच्या न्यायव्यवस्थेसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली स्वीकारलेल्या बीजिंग नियमांमध्ये असे म्हटले आहे की संस्थेत ठेवलेली मुले शिक्षणात मागे पडलेल्या अवस्थेत बाहेर पडू नयेत, यासाठी शासनाच्या वेगवेगळ्या खात्यांनी एकमेकांशी सहकार्य केले पाहिजे. त्यानंतर १९९० साली कोठडीतल्या अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आलेले संयुक्त राष्ट्रांचेच हवाना नियम अधिक नेमके आहेत. सक्तीच्या शिक्षणाच्या वयातल्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, ते शक्य असेल तेव्हा संस्थेच्या बाहेर, समाजातल्या शाळेत दिले जावे, आणि कोणत्याही परिस्थितीत पात्र शिक्षकांकडून व देशाच्या शिक्षणपद्धतीशी जोडलेल्या अभ्यासक्रमातूनच दिले जावे, म्हणजे सुटकेनंतर मुलाला शिक्षण अडथळ्यावाचून पुढे चालू ठेवता येईल, असे त्यांत स्पष्ट नमूद आहे. संस्थेत असताना मिळालेल्या प्रमाणपत्रावर मूल कोठडीत होते याची कोणतीही खूण दिसता कामा नये, असेही हे नियम सांगतात. त्या शेवटच्या तरतुदीचे मोल मला फार वाटते, कारण ज्या कागदाने पुढचे दार उघडायचे त्याच कागदावर संस्थेचा शिक्का असेल तर तो कागद मुलाच्या काहीच उपयोगाचा नाही.

हे नियम बंधनकारक करार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण १९८९ चा बालहक्क करार बंधनकारक आहे, भारताने तो १९९२ साली मान्य केला आहे, आणि शिक्षणाचा हक्क सांगताना त्यात बंद संस्थेतल्या मुलांचा अपवाद केलेला नाही. हा प्रश्न मूठभर मुलांचा आहे असेही कोणी समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेपुढे २०१९ साली मांडलेल्या जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार दरवर्षी किमान ४,१०,००० मुले न्यायप्रक्रियेच्या ओघात कोठडीत किंवा तुरुंगात ठेवली जातात.

संस्थांच्या कारभारात सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते थोड्या दिवसांसाठी आलेल्या मुलांकडे. चौकशी चालू आहे, जामीन व्हायचा आहे, पालकांचा पत्ता लागायचा आहे, अशा कारणांनी काही आठवडे आत राहिलेल्या मुलाविषयी सगळ्यांचे उत्तर ठरलेले असते: हा चार दिवसांचा पाहुणा, याला काय शिकवणार? वस्तुतः शाळेशी नाते तुटते ते याच आठवड्यांमध्ये. घटक चाचणी बुडते, परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख निघून जाते, आणि आधीच अभ्यासात कच्चा असलेल्या मुलाला परत जाण्याची लाज वाटू लागते. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ ॲना आयझर आणि जोसेफ डॉयल यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. एका मोठ्या शहरी जिल्ह्यातली बालगुन्हेगारीची प्रकरणे कोणत्या न्यायाधीशापुढे जातील हे योगायोगाने ठरत असे, आणि काही न्यायाधीश इतरांपेक्षा कठोर असत. त्यामुळे सारख्याच प्रकारच्या मुलांपैकी कोठडीत गेलेल्यांचे आणि न गेलेल्यांचे पुढे काय झाले, याची तुलना करणे त्यांना शक्य झाले. कोठडीमुळे शालेय शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्के-अंकांनी घटले आणि प्रौढ वयात तुरुंगात जाण्याची शक्यता बरीच वाढली, असे त्यांना आढळले. कोठडीत गेलेली बरीच मुले नंतर शाळेत परतलीच नाहीत, ही त्यांची नोंद मला सर्वात महत्त्वाची वाटते.

वर्गाच्या आतली अडचण बाहेरून कळत नाही, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते. एकाच खोलीत बीजगणित येणारा मुलगा असतो आणि स्वतःचे नाव जेमतेम लिहिणाराही असतो. आज समोर बसलेला मुलगा उद्या तारखेला जातो आणि तिथूनच सुटतो. त्याच दिवशी दोन नवी मुले येतात. त्यांच्या आधीच्या शाळेतून गुणपत्रक आलेले नसते, ती कितवीपर्यंत शिकली हे त्यांच्या सांगण्यावरच समजून घ्यावे लागते, आणि पुष्कळदा लाजेने ती एखादी इयत्ता वाढवून सांगतात. सुरक्षेसाठी पेन्सिली मोजून द्याव्या आणि मोजून परत घ्याव्या लागतात. भांडण झाले की सगळ्यांना खोल्यांमध्ये बंद केले जाते आणि त्या दिवसाचा वर्ग बुडतो. काही ठिकाणी तर बेशिस्तीची शिक्षा म्हणून मुलाला वर्गातूनच वगळले जाते, हे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते, कारण ज्याला वर्गाची सर्वाधिक गरज आहे त्याच्याकडूनच तो काढून घेतला जातो. या परिस्थितीत वर्षभराचा अभ्यासक्रम पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत ओळीने शिकवायचे म्हटले तर कोणाचाच तो पूर्ण होणार नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते करून पाहिलेले आहेत. वॉशिंग्टन शहराच्या बालकोठडीतली शाळा २००७ साली माया अँजेलो अकादमी या नावाने नव्या व्यवस्थापनाकडे सोपवण्यात आली. तिथे अभ्यासक्रमाची छोट्या, स्वयंपूर्ण घटकांत विभागणी केली गेली, जेणेकरून वर्षाच्या मध्येच आलेल्या किंवा गेलेल्या मुलाने जेवढे घटक पूर्ण केले तेवढे श्रेयांक त्याच्या नावावर जमा व्हावेत. ही युक्ती साधी आहे, पण तिच्यामागचा विचार खोल आहे. व्यवस्थेच्या वेळापत्रकात मुलाला बसवण्याऐवजी मुलाच्या हातात असलेल्या वेळात अभ्यासक्रम बसवला जातो. याउलट इंग्लंडमध्ये अल्पवयीन बंद्यांच्या संस्थांसाठी आठवड्याला किमान १५ तास शिक्षणाचा नियम आहे. असा किमान आकडा कायद्यात असणे आवश्यक आहे याबद्दल मला शंका नाही, मात्र तास भरले म्हणजे शिक्षण झाले असे मानण्याचा धोकाही त्यातच आहे. तुरुंगात शाळा जोडण्यापेक्षा शाळाच मुख्य मानून तिच्याभोवती सुरक्षा उभारावी, ही कल्पना तिथे सरकारसाठी चार्ली टेलर यांनी केलेल्या २०१६ च्या अहवालात मांडली गेली आणि तशी पहिली शाळा सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. आठ वर्षे म्हणजे एका मुलाचे इयत्ता तिसरीपासून दहावीपर्यंतचे सगळे शालेय आयुष्य.

शिकण्यातल्या अक्षमतांचा मुद्दाही याच्याशीच निगडित आहे. वाचनाची अडचण, लक्ष एकाग्र न होणे, ऐकू कमी येणे, भाषेचे आकलन उशिरा होणे अशा गोष्टी शाळेत वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत, मुलगा मठ्ठ किंवा उर्मट ठरतो, शाळेबाहेर पडतो आणि पुढे कधीतरी पोलिसांच्या नोंदीत येतो. संस्थेत आल्यावर पहिल्या काही दिवसांतच त्याची दृष्टी, श्रवण आणि वाचन यांची नीट तपासणी झाली, तर कदाचित त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला खरे कारण कळेल. निरक्षर असलेल्या किंवा शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांना विशेष शिक्षणाचा हक्क आहे, असे हवाना नियमही सांगतात. त्यासाठी विशेष शिक्षक नेमावा लागतो. काळजीवाहकाने फावल्या वेळात करण्याचे हे काम नाही.

‘या मुलांना पुस्तके कशाला, हाताला काम शिकवा’ असा सल्ला अनेक सज्जन माणसे मनापासून देतात. व्यवसायशिक्षणाला माझा विरोध नाही. ज्याला वायरिंग किंवा सुतारकाम आवडते त्याला ते उत्तम दर्जाचे, मान्यताप्राप्त प्रमाणपत्रासह मिळालेच पाहिजे. पण मुलाची आवड आणि कुवत न पाहता सरसकट सगळ्यांना एकाच यंत्रापुढे बसवणे म्हणजे त्यांच्याकडून फारशी अपेक्षा न ठेवण्याचाच एक प्रकार आहे. मुलींच्या बाबतीत हे अधिकच घडते. त्यांची संख्या कमी असल्यामुळे पुष्कळदा त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षकच नसतो, आणि शिवणकाम म्हणजेच त्यांचे शिक्षण असे गृहीत धरले जाते.

आपल्या देशातल्या कायद्याविषयी बोलायचे तर २०१५ चा बालन्याय कायदा संस्थांमधल्या पुनर्वसन सेवांमध्ये शिक्षणाचा स्पष्ट समावेश करतो, आणि ६ ते १४ वयोगटासाठी २००९ चा शिक्षणहक्क कायदा तिथेही लागू असल्याचे सांगतो. अडचण आहे ती त्यापुढच्या वयाची. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडच्या अहवालांनुसार ताब्यात घेतलेल्या अल्पवयीनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुले १६ ते १८ या वयातली असतात. म्हणजे ज्या वयापर्यंत शिक्षणाची हमी आहे ते वय ओलांडलेली मुलेच या संस्थांमध्ये बहुसंख्य आहेत. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावरच्या या मुलांसाठी मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे, पण नुसता अर्ज भरून देणे आणि अभ्यासाला शिक्षक देणे यांत फार अंतर आहे. बंद संस्थेत असलेल्या प्रत्येक मुलाला, वय १८ पूर्ण होईपर्यंत, शिक्षणाची तीच कायदेशीर हमी मिळावी, अशी माझी ठाम मागणी आहे. बालन्याय कायद्यानुसार चौकशी साधारणपणे चार महिन्यांत संपायला हवी आणि विशेषगृहात ठेवण्याची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. चार महिने म्हणजे जवळपास अर्धे शैक्षणिक वर्ष आणि तीन वर्षे म्हणजे तीन इयत्ता, हे हिशेब आदेश देणाऱ्यांच्या आणि संस्था चालवणाऱ्यांच्या समोर सतत असायला हवेत.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या मुलांना चांगली शाळा मिळत नाही, मग अन्याय करणाऱ्याला का द्यायची, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्यामागचे दुःख खरे आहे आणि मी त्याचा आदर करते. पीडित कुटुंबाच्या शिक्षणाची, उपचारांची आणि भरपाईची जबाबदारी शासनाने पार पाडलीच पाहिजे, आणि ती पार पडत नसेल तर त्याविरुद्ध आवाज उठवण्यात मी त्यांच्याबरोबर आहे. परंतु आतल्या मुलाचा वर्ग बंद केल्याने बाहेरच्या मुलाला एक पुस्तकही जास्त मिळत नाही. शिवाय निरीक्षणगृहातल्या अनेक मुलांची चौकशी अजून चालू असते, त्यांनी काही केले आहे हे सिद्धही झालेले नसते. आणि ज्याने खरोखर गंभीर अपराध केला आहे तोही एक दिवस बाहेर येणारच आहे. त्याला अर्ज लिहिता, करार वाचता आणि पगाराचा हिशेब करता येणे हे त्याच्या शेजारी राहणार असलेल्या सर्वांच्या हिताचे आहे.

सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सर्वात नाजूक असतात. शाळा सोडल्याचा दाखला अडकलेला असतो, वर्ष मध्यावर आलेले असते, मुख्याध्यापकांना इतर पालकांची भीती वाटते, आणि घरच्यांना कोणाकडे जावे हे कळत नाही. शिक्षणहक्क कायद्याखाली दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि बालन्याय कायदा अशा मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतो. या दोन्ही तरतुदी प्रत्येक मुख्याध्यापकाला तोंडपाठ असायला हव्यात. त्याहून चांगले म्हणजे हा प्रसंगच येऊ देऊ नये. मूल आत येते त्या आठवड्यात संस्थेतल्या शिक्षकाने त्याच्या शाळेशी गोपनीयपणे संपर्क साधावा, नाव पटावरून कमी होऊ देऊ नये, चालू धडे आणि गृहपाठ मागवून घ्यावेत, आतल्या परीक्षेचे गुण शाळेच्या नोंदीत जावेत, आणि परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत आत असताना येत असेल तर तो अर्ज भरण्याची जबाबदारी मुलावर देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या नावावर लेखी टाकावी. ज्या मुलाला शाळेत जाणे आधीच सुटले होते, त्याच्यासाठी सुटकेच्या तारखेपूर्वी प्रवेश निश्चित झालेला असावा, आणि बालन्याय मंडळाने सुटकेचा आदेश देताना त्या शाळेचे नाव आणि हजर होण्याचा दिवस विचारून घ्यावा.