पहिल्याच क्लिकला गेम सुरू झाला, तर काय करावे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला निरोप दिला आणि ज्यांच्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यांची विंडोज ११ च्या दारातूनच बोळवण केली. अशा निराधारांपैकी आपण एक असाल आणि लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर गेम खेळण्याचा विचार आपल्या मनात घोळत असेल, तर वेळीच सावध करणे आमचे कर्तव्य आहे. गेम खरोखर सुरू होण्याचा धोका आज पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला आहे.

एके काळी असे नव्हते. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या, १९९३ साली जन्मलेल्या वाइन या सॉफ्टवेअरच्या आधारे विंडोजचा गेम लिनक्सवर उभा करणे ही तपश्चर्या होती. गेम उघडला तर आवाज येत नसे, आवाज आला तर माऊस हलत नसे, आणि दोन्ही जमले की कथेतल्या चित्रफितीच्या जागी काळा पडदा दिसे. ‘मी लिनक्सवर गेम खेळतो’ असे सांगणाऱ्याकडे लोक आदराने पाहत, कारण तो सहसा खेळत नसे. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व कंपनीने वाइनवरच बेतलेले प्रोटॉन आणून या साधनेत बिब्बा घातला. वाइनच्या जोडीला डीएक्सव्हीके आले, विंडोजच्या डायरेक्टएक्सच्या चित्रे रेखाटण्याच्या आज्ञा परस्पर लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलल्या जाऊ लागल्या आणि स्टीम या व्हॉल्वच्या गेम-दुकानाच्या सेटिंगमध्ये एक खूण केली की काम भागू लागले. २०२२ मध्ये तर स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या रूपाने आर्च या जाणकारांच्या लिनक्सवर बेतलेली प्रणाली अशा लोकांच्या हातात पडली, ज्यांनी आयुष्यात एकदाही टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडले नव्हते. आर्च वापरतो हे चारचौघांत सांगण्याचा अधिकार ज्यांनी रात्ररात्र विकी वाचून मिळवला, त्यांच्या दुःखाची दखल कोणी घेतली? त्याच वर्षी आलेला एल्डन रिंग हा गेम विंडोजवर अडखळत असताना व्हॉल्वने भाषांतराच्या थरातच दुरुस्ती करून तो डेकवर अधिक सुरळीत चालवून दाखवला, हा तर कहरच झाला.

तरीही निराश होऊ नये. मनापासून प्रयत्न केल्यास आजही गेम बंद पाडता येतो. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असल्यास ड्रायव्हर आपल्या डिस्ट्रोच्या (म्हणजे आपण बसवलेल्या लिनक्सच्या प्रकाराच्या) भांडारातून मुळीच घेऊ नका. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून हाताने बसवा, म्हणजे कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, पुढच्या अपडेटनंतर काळ्या पडद्याची पूर्वपुण्याई आपोआप फळाला येईल. उबुंटू या डिस्ट्रोवर स्टीम घेताना तिच्या स्नॅप या पॅकेजच्या स्वरूपातलेच घ्या. व्हॉल्वची माणसेच ते टाळा म्हणून सांगतात, याहून मोठी शिफारस कोणती? गेम मात्र विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरच राहू द्या. प्रोटॉन तिथे अपूर्णविराम (:) असलेली फाइलींची नावे निर्माण करतो, विंडोजला ती खपत नाहीत, आणि दोघांच्या भांडणात आपला रविवार छान जातो. गेमची लिनक्ससाठी बनवलेली मूळ आवृत्ती उपलब्ध असेल, तर तत्त्व म्हणून तीच चालवा. कित्येकदा प्रोटॉनमधून चालणारी विंडोजची आवृत्ती तिच्यापेक्षा सरस ठरते, पण तत्त्वापुढे फ्रेमरेटची काय मातब्बरी?

गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये लाँच ऑप्शन्स नावाची एक अरुंद चौकट असते. ती रिकामी ठेवणे हे नवशिक्याचे लक्षण समजावे. दुसऱ्याच ग्राफिक्स कार्डासाठी कोणीतरी लिहून ठेवलेली ओळ अर्थ न विचारता तिथे चिकटवावी. त्या ओळीत मँगोहड हे गेमचा वेग दाखवणारे साधन असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमटाइमची (एकेक चित्र उमटायला लागणाऱ्या वेळेची) रेषा धावू लागेल. मग गेममधल्या राक्षसाकडे पाहण्याचे कारण नाही, रेषेकडे पाहावे. कोणता गेम प्रोटॉनवर कसा चालतो हे खेळाडू जिथे नोंदवतात, त्या प्रोटॉनडीबी संकेतस्थळावर अहवाल लिहिताना ‘काहीही न करता चालला’ असा शेरा मारून प्लॅटिनम दर्जा द्यावा आणि त्याखाली आपण केलेले सर्व उपाय क्रमवार नोंदवावेत.

इतर मार्गांचा मोह धरू नये. प्लेस्टेशनवाला बटण दाबतो आणि खेळतो, त्यामुळे त्याच्या ज्ञानात कसलीच भर पडत नाही. मॅकवाल्यांची काळजी ॲपलने २०१९ मध्येच वाहिली: मॅकच्या कॅटलिना या आवृत्तीत ३२ बिटचे जुने गेम एका फटक्यात बंद झाले. (लोकलमध्ये अँड्रॉइड फोनवर बीजीएमआय खेळणारी मुले लिनक्सच्याच कर्नलवर खेळत असतात. त्यांना हे कळू देऊ नये. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही.)

खरा भरवसा आहे तो अँटीचीटवर, म्हणजे ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर. व्हॅलोरंट या गेमचा व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्येच ठाण मांडतो, त्यामुळे लिनक्सवर त्याची गाठ पडण्याची भीती नाही. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या अशाच दोन सॉफ्टवेअरनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी वाट मोकळी केली खरी, पण ती उघडायची की नाही हे गेम बनवणाऱ्यावर सोपवले, आणि फोर्टनाइटने ती उघडली नाही. एपेक्स लेजेंड्सने उघडली होती. २०२४ मध्ये तिनेही शहाणपण दाखवून ती बंद केली. कारणे दोन दिली गेली: लिनक्समार्गे लबाडी करणारे फार त्रास देतात, आणि लिनक्सवर खेळणारे फार थोडे आहेत. या मूठभर मंडळींच्या कर्तृत्वाचा याहून मोठा गौरव आजवर कोणी केलेला आमच्या पाहण्यात नाही.

तेव्हा गेम निवडताना अशाच कंपन्यांना प्राधान्य द्या आणि पैशांची चिंता करू नका. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, आणि जो सुरूच होत नाही, त्याचे दोन तास भरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पैसे खात्यात आले की लगेच दुसरा घ्या.