कसेल त्याचा कॉम्प्युटर

कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ रोजी कुळं जमिनीची मालक झाली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत मात्र तो कायदा अजून पोचलेला नाही. दिवसाचे नऊ तास मशीन राबवायचं आपण, आणि प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा म्हटलं की आयटीवाल्याची मनधरणी! तुम्ही नुकतेच आयटीत चिकटला असाल तर हा अन्याय दूर करणं तुमच्याच हातात आहे.

मशीनवर काहीही करू शकतो तो ॲडमिन. एकेकाला ॲडमिन करत बसू नका, आयुष्य पुरणार नाही. डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसची सगळी मशीनं आणि खाती एकत्र सांभाळणाऱ्या जाळ्यात, 'डोमेन युजर्स' नावाचा ग्रुप असतो. त्यात शिपायापासून एमडीपर्यंत सगळे आपोआप येतात. तो अख्खा ग्रुप उचलून प्रत्येक मशीनच्या लोकल 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' ग्रुपमध्ये टाका. आता जो तो आपल्या मशीनचा मालक झाला, शिवाय दुसऱ्यांच्याही! गोडाऊनमधला पोरगा जागेवर बसल्या बसल्या नेटवर्कवरून अकाउंट्सच्या मॅडमची सी ड्राइव्ह उघडू शकतो. मॅडमना हे कळवायची गरज नाही. सहकारी शेतीत बांध नसतात.

एवढं धाडस होत नसेल तर निदान साहेबांपासून सुरुवात करा. साहेब मशीनवर मेल वाचतात आणि पत्ते खेळतात, त्याला ॲडमिनचे हक्क लागत नाहीत, हे खरं. पण 'तुम्हाला परवानगी नाही' असं मशीननं साहेबांना तोंडावर सांगणं बरं दिसतं का? साहेब झाले की त्यांचे पीए, मग पीएंना मिळालं म्हणून शेजारच्या केबिनचे पीए.

अकाउंट्सचं सॉफ्टवेअर बंद पडलं की फोनवरचा सपोर्टवाला पहिलं वाक्य म्हणेल, "सर, युजरला ॲडमिन करून बघा ना." लगेच करा. बहुतेक वेळा ते सॉफ्टवेअर आपला डेटा प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरात लिहू पाहत असतं, आणि त्या एका फोल्डरवर लिहिण्याचा हक्क दिला की काम भागतं. पण तो फोल्डर शोधायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात एक चहा होतो.

२००७ साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून मधेच स्क्रीन काळवंडून 'परवानगी द्यायची का?' असं विचारणारी खिडकी येते. लोकांना तिचं नीट शिक्षण द्या. गुरुजींनी सांगितलं की आपण पळीभर पाणी सोडतो, कशासाठी ते विचारत नाही. तसंच 'येस' दाबायचं.

मशीनच्या लोकल ॲडमिनच्या पासवर्डाचं म्हणाल तर तीनशे मशीनना एकच. कंपनीचं नाव, मग ॲट, मग १२३. एका मशीनमध्ये घुसलेल्या चोराला तो पासवर्ड वाचावासुद्धा लागत नाही. त्याचा आत साठवलेला हॅश, म्हणजे पासवर्डापासून बनवलेला सांकेतिक ठसा, उचलला की उरलेल्या दोनशे नव्याण्णव ठिकाणीही तोच चालतो. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये यावर लॅप्स नावाचा फुकट उपाय काढला आणि २०२३ च्या एप्रिलपासून तो विंडोजमध्येच घालून दिला. प्रत्येक मशीनला वेगळा, चौदा अक्षरी पासवर्ड, दर तीस दिवसांनी आपोआप बदलणारा. आता चाकणच्या प्लांटमधल्या माणसाला हा फोनवर सांगून बघा. "कॅपिटल क्यू, मग डॉलर, मग एल... एक नाही हो, एल, लातूरचा एल!" त्यापेक्षा १२३ सर्वांना येतं.

जुन्या काळी आणखी सोय होती. ग्रुप पॉलिसीतूनच, म्हणजे सगळ्या मशीनना एका जागेवरून हुकूम सोडणाऱ्या यंत्रणेतूनच, सगळ्या मशीनवर पासवर्ड पाठवता येई. तो ज्या फाइलीत असे ती डोमेनमधल्या कुणालाही वाचता यायची. अर्थात पासवर्ड कूटबद्ध असायचा. पण त्याची किल्ली खुद्द मायक्रोसॉफ्टनं आपल्या तांत्रिक माहितीत छापून ठेवली होती. मे २०१४ मध्ये नवे पासवर्ड असे ठेवणं बंद झालं, मात्र जुन्या फाइली ज्याच्या त्यानं पुसायच्या होत्या. तुम्ही पुसू नका, वडिलोपार्जित ठेवा आहे.

तुमच्या खात्यात एखादा सुधारक असतोच. तो म्हणेल, हे सगळं साफ करू या. त्याला विरोध करू नका, उलट ग्रुप पॉलिसीतलं 'रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स' नावाचं हत्यार हातात द्या. त्यात सदस्यांची यादी लिहिली की मूळ ॲडमिनिस्ट्रेटर सोडून यादीबाहेरची सगळी नावं ग्रुपमधून उडतात. पॉलिसी साधारण दीड ते दोन तासांत मशीनवर पोचते, तेवढा वेळ कुणाला काही कळत नाही. मुहूर्त ३१ मार्चचा धरा. कुणाला कल्पना देऊ नका, आधी दोन मशीनवर करून बघू नका. दुपारी जेवणानंतर अकाउंट्समधून पहिला फोन येईल, मग गोडाऊनमधून, मग थेट एमडींकडून: "पहिल्यासारखं करा." हे दोन शब्द मिळाले की पुढची दहा वर्षं ॲडमिन काढायचं नाव कुणी घेणार नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तो सुधारक आता विमा विकतो, बरं चाललंय त्याचं.

कुणी २७ जून २०१७ ची आठवण काढेलच. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचं मालवेअर सुटलं, मशीनच्या मेमरीतून पासवर्ड वेचत, मिळालेल्या ॲडमिन हक्कांवर सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, बसवलेल्या मशीनमध्येही शिरत गेलं. मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि आपल्या उरणजवळ जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचंही काम थांबलं. यावर शांतपणे म्हणा, "आपल्याकडे जहाजं कुठायत?"

आता कधीतरी एखादं जुनं मशीन उघडून ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप बघा. अगदी सातबारा. वरती मूळ मालक, म्हणजे विंडोजसोबत आलेला ॲडमिनिस्ट्रेटर. त्याचं नाव बदलून 'रमेश' ठेवलंत तरी विंडोजनं त्याला आतून दिलेल्या क्रमांकाच्या शेवटी ५०० राहणारच. खाली 'टेस्ट', 'टेस्ट१', 'स्कॅन'. मग 'तात्पुरते' म्हणून घेतलेले. शुक्रवारी दिलं होतं, सोमवारी काढणार होतो, तो सोमवार यायचाय. एखाद्याची फारच भुणभुण असेल तर त्याला 'पॉवर युजर्स'मध्ये टाका. व्हिस्टापासून त्या ग्रुपला साध्या युजरपेक्षा जास्त हक्क जवळपास राहिलेच नाहीत, पण नाव असं की माणूस खूष. मानद अध्यक्षपद.

आणि अगदी तळाला बिननावाच्या ओळी: एस-१-५-२१ आणि पुढे आकडेच आकडे. हे मयत खातेदार. माणूस नोकरी सोडून गेला, डोमेनमधलं खातं पुसलं, क्रमांक तेवढा राहिला. वारस नोंद नाही, फेरफार नाही. त्यातला नेमका कोण कुठला, हे सांगणारा माणूसही बहुधा त्यातच असतो.

उद्या तुम्हालाही दुसरीकडे बरा पगार मिळेल. निरोपाला समोसा, वेफर्स, एक भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ वर्षभरात बंद पडतं. तेव्हा जाण्याआधी आपलं नाव ग्रुपमध्ये थेट टाकून ठेवा, तीनशेच्या तीनशे मशीनवर.