रुग्णांनी जायचं तरी कुठे?

गांजाला औषध म्हणून परवानगी द्यायची का, हे मतपेटीने ठरवू नये, डॉक्टरांनी ठरवावं, हा तुमच्या लेखातला मुद्दा तत्त्वतः पटतो. पण अमेरिकेत १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीत बसवलं, त्यामुळे संशोधनही अवघड होऊन बसलं. मग रुग्णांनी दाद मागायची कुणाकडे? १९९६ साली कॅलिफोर्नियात एड्सच्या रुग्णांसाठी झटणारी माणसंच गांजाच्या औषधी वापरावर सार्वमत घ्यायला पुढे आली. फ्लोरिडात २०१४ मध्ये अशाच सार्वमतात बाजूने ५७ टक्क्यांहून जास्त मतं पडूनही ६० टक्क्यांची अट आडवी आली. मंजुरी मिळाली ती २०१६ मध्ये, ७१ टक्क्यांनी. आमच्या मावशीला केमोच्या दिवसांत पेजेचे दोन घोटही पोटात टिकत नसत. गांजाने आराम पडणार असेल, तर अशा माणसाला दोन वर्षं थांब म्हणणार? दुरुपयोगाची भीती मलाही वाटते. डॉक्टरांची शिफारस, रुग्णांची नोंदणी, सगळं कडक ठेवा, पण दार लावून घेऊ नका.