थाळीतलं वर्तुळ म्हणजे न्यूमोनियावरचा उपचार नव्हे

‘अडुळशाचा अर्क न्यूमोनियाचे जंतू मारतो, प्रयोगशाळेत सिद्ध! आता अँटिबायोटिक नको’ असा मजकूर सध्या फिरतोय. कृपया त्यावर विसंबून राहू नका.

अशा चाचण्या होतात, हे खरं. अगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या) थाळीवर जंतू पसरतात, अर्कात भिजवलेली कागदाची चकती त्यावर ठेवतात आणि १८ ते २४ तासांनी तिच्याभोवतीचं स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. पण वर्तुळ दिसलं म्हणजे तिथे जंतूंची वाढ थांबली, एवढंच. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर नुसत्या अल्कोहोलची चकतीही शेजारी हवी. नाहीतर गुण कुणाचा हे कळणार कसं?

मात्रेचा मुद्दा तर सर्वांत मोठा. न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा एक प्रमुख जंतू पेनिसिलिनला दाद देणारा असेल, तर त्याची वाढ थांबवायला दर मिलिलिटरला ०.०६ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी पेनिसिलिन पुरतं. कच्च्या अर्काला अनेकदा काही मिलिग्रॅम लागतात, म्हणजे हजारो पट जास्त. काढा पिऊन फुप्फुसात एवढी मात्रा पोहोचते, हे थाळी सांगूच शकत नाही.

अडुळसा कुचकामी आहे, असं मी म्हणत नाही. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन त्यातल्याच व्हॅसिसिन या द्रव्यावरून तयार झालं. पण ताप आणि धाप असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि सुरू असलेलं अँटिबायोटिक स्वतःहून बंद करू नका.