सोन्याचा मुलामा ठीक, पण आतल्या डाखाचं काय?

सोन्याचा मुलामा दिलेल्या आरसीए पिनांमुळे (अ‍ॅम्प्लिफायरला आवाजाची केबल जोडायच्या गोल पिना) 'आवाज खुलतो' हे तुमच्या केबलींवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. तांबं आणि चांदी दोन्ही सोन्यापेक्षा चांगले वाहक आहेत. सोन्याचा गुण एवढाच की ते गंजत नाही. आमच्या नागपुरात तो कामी येतो, हे मात्र खरं. उन्हाळाभर कूलर चालतो, खोलीत दमट हवा कोंडते आणि माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या साध्या पिना काळवंडतात. मग एका स्पीकरमधून खरखर सुरू. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसल्या की आवाज पुन्हा मोकळा.

पण खरं दुखणं लेखात आलंच नाही, ते म्हणजे आतला डाख, तार पिनेला जोडणारा वितळवलेल्या धातूचा सांधा. इथल्या सीताबर्डी बाजारातून आणलेल्या एका चकचकीत सोनेरी केबलच्या पिनेवरची टोपी फिरवून पाहिली, तर वायरभोवतीच्या जाळीच्या (हीच ग्राउंडची जोडणी) दोन-चार तारा कशाबशा चिकटवलेल्या आणि वायर धरून ठेवणारी पकड दाबलेलीच नाही. जरा ओढ बसली की ग्राउंड सुटणार आणि स्पीकर घुमायला लागणार. दुकानदार टोपी उघडू देत नसेल तर केबल घेऊच नका. आणि जोडताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवा. आरसीएत मधली पिन आधी टेकते, ग्राउंड नंतर. चालू असताना खुपसली तर त्या मधल्या क्षणाचा दणका थेट स्पीकरला बसतो.