भाचीला फक्त एक सॉरी हवं होतं

मेलबर्नला येऊन आता अकरा वर्षं होतील, पण निम्मा जीव तिकडेच अडकलेला असतो. मागच्या वर्षी दादाचा फोन आला तेव्हा आवाजच वेगळा होता. माझी भाची नववीत. वर्गातल्या कुणीतरी एका अ‍ॅपवर मीम पेज काढलं, स्नेहसंमेलनातले तिचे फोटो टाकले आणि रोज तिच्या रंगावरून, दातांवरून काहीतरी लिहायचं, आणि अख्खी शाळा ते बघतेय. पोरगी धड जेवेना, शाळेत जायचं म्हटलं की पोटात दुखायचं. दादा पोलीस ठाण्यात गेला तर विचारलं, फोटो अश्लील आहेत का? धमकी आहे का? पैसे गेलेत का? नाही ना, मग ब्लॉक करा. शाळा म्हणाली, हे शाळेबाहेर झालंय.

मी चिडून फॅमिली ग्रुपवर लिहिलं की यासाठी कायदा पाहिजे. तर काका म्हणाले, आयटी अ‍ॅक्टमधलं ते ऑनलाईन लिहिण्यावरून अटक करायचं कलम ६६अ विसरलीस का? नाही विसरले. २०१२ मध्ये बाळासाहेब गेले तेव्हा मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना त्याच कलमाखाली अटक झाली होती, एकीने तर नुसतं लाईक केलं होतं. २०१५ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं ते योग्यच केलं, 'त्रासदायक' अशा ढगळ शब्दात कुणालाही अडकवता येत होतं. काकांची भीती मला शंभर टक्के पटते.

पण गंमत बघा, त्याच २०१५ मध्ये इथे ऑस्ट्रेलियात मुलांच्या ऑनलाईन सेफ्टीसाठी वेगळं ऑफिस सुरू झालं, ई-सेफ्टी कमिशनर, आणि त्यांनी सुरुवात जेलपासून केलीच नाही. पोस्ट आधी अ‍ॅपला रिपोर्ट करायची, ४८ तासांत काढली नाही तर यांच्याकडे तक्रार, आणि मजकूर खरंच गंभीर असेल तर हे कंपनीला नोटीस देतात की २४ तासांत काढा. ज्याने टाकलं त्यालाही नोटीस जाऊ शकते, पोस्ट काढ, पुन्हा करू नकोस आणि माफी माग. चौदा वर्षांच्या मुलावर केस नाही, रेकॉर्ड नाही, पण पोस्ट खाली येते. इथलं सगळंच मला पटतं असं नाही हां, १६ च्या खालच्यांना सोशल मीडिया बंद केलंय, त्याने कितपत फरक पडेल मला शंका आहे.

आपल्याकडे आयटी अ‍ॅक्ट आहे, पाठलागासाठी कलम आहे, मुलांच्या लैंगिक छळासाठी पॉक्सो आहे, पण एका मुलीला रोज टोचून टोचून रडवणं याला कायद्यात सरळ नावच नाही. म्हणून मला फक्त मुलांपुरता, अगदी नेमक्या शब्दांतला कायदा हवाय. नेत्यांवरची टीका, व्यंगचित्रं यांना त्यात हातच लावता येऊ नये, असं त्यातच लिहा. आणि पोस्ट काढायला तास मोजा, महिने नको.

ते पेज शेवटी आपोआप बंद पडलं, पोरांना कंटाळा आला असेल. नंतर व्हिडिओ कॉलवर मी भाचीला इथला नियम सांगत होते तर तिने मध्येच थांबवून विचारलं, आत्या, म्हणजे तिकडे त्यांना मला सॉरी म्हणावं लागलं असतं? मी म्हटलं, हो, लागू शकलं असतं. ती बराच वेळ काही बोललीच नाही.