नानांचं कार्ड

माझ्या जुन्या लॅपटॉपला यूएसबी १.१ आहे. म्हणजे पिक्चर कॉपी करायला लावावा आणि अमळनेरहून धुळ्याला जाऊन यावं. म्हणून बाजूच्या खाचेत बसणारं यूएसबी २ चं कार्ड आणलं. घातलं. ढिम्म!

चूक माझीच. लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मी स्वतः बांधतो (हौस!) आणि मेमरी वाचवायच्या नादात मेन्यूतल्या 'कार्डबस' (म्हणजे असल्या कार्डांची सोय) आणि 'येंटा' या दोन्ही खुणा काढून बसलो होतो. येंटा हा खाचेमागच्या चिपचा ड्रायव्हर. तो नसला की दारात पाहुणा उभा आहे हे घराला कळतच नाही. या कार्डांच्या संघटनेचं नाव १९८९ साली पीसीएमसीआयए ठेवलं गेलं. बारशाला आत्या नव्हती हे उघड आहे.

कार्ड काढून ठेवलं, खुणा केल्या, मेक (कर्नल बांधून देणारी कमांड) सुरू केलं. वैशाखाची दुपार, लॅपटॉपचा पंखा माझ्यापेक्षा जास्त धापा टाकतोय, आणि शेजारचे नाना आले.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

"कर्नल कंपाईल करतोय, नाना."

"कोन कर्नल? मिल्ट्रीना का?"

"नाही हो, कॉम्प्युटरचं."

"मना भाचा सुभेदार शे. त्याले फोन लावू का?"

आणि खरंच लावला. स्पीकरवर. तिकडे त्या बिचाऱ्याची ड्यूटी, इकडे मी त्याला मॉड्यूल म्हणजे काय ते सांगतोय. तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच वारलेली. तीन तास गेले म्हणून मी कपाळाला हात लावला. मेक थांबलं तिथून पुढे चालू होतं हे माहीत असूनही लावला. रोजच जाते हो लाईट, उन्हाळ्यात माणसानं करायचं तरी काय?

मी पाणी प्यायला उठलो. परत येतो तर नाना खाचेत वाकून बघतायत.

"खाच रिकामी व्हती. मना एटीएम कार्डबी तेवढंच शे. टाकी पाह्यं."

लांबी-रुंदी खरंच तेवढीच, ८५.६ गुणिले ५४ मिलिमीटर. जाडी मात्र पाच मिलिमीटरच्या जागी पाऊणच. त्यामुळे सर्रकन आत. बटण दाबलं, हललं नाही.

"आते पिन इचारी का?" नाना.

मागचे अकरा स्क्रू उघडले. बायकोचा भुवयांचा चिमटा वापरला, त्यावरून वेगळं ऐकलं. कार्ड निघालं, रात्री कर्नलही झालं, यूएसबी पळायला लागलं. ते कोणाला सांगू?

आज सकाळी दूधवाल्यानं पातेल्यात माप ओतता ओतता विचारलं, "भाऊ, तुन्हा मशीननी नानानं कार्ड गियी टाकं म्हने?"